घरच्या वर्कशॉपमध्ये चाकू बनवण्यासाठी परवडणारी यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकू बनवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं तयार पोलादी पट्टी कापून-घासून पातं करणाऱ्यांसाठी आहेत. ऐरणीवर ठोकून पातं घडवणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या, त्यात इथे शिरलेलो नाही. पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवूच नयेत याबद्दल आमची मतं जरा ठाम आहेत, ती जागोजागी दिसतील.

१. पहिलाच चाकू करायचा आहे. कमीत कमी कोणती यंत्रं लागतील?

दोन: अँगल ग्राइंडर आणि ड्रिल. बाकी सगळं हाताचं काम आहे. त्यासाठी दोन-तीन चांगल्या कानशी, हॅक्सॉ, क्लॅम्प, पॉलिश पेपर आणि भक्कम बेंच व्हाइस हवा. व्हाइसला वीज लागत नाही म्हणून तो बहुतेकांच्या यादीतून गळतो. पण पट्टी जागची हलत असेल तर ग्राइंडर महागातला असो की स्वस्तातला, रेघ वाकडीच जाते. व्हाइस टेबलाला बोल्टने पक्का बसवा आणि टेबलही डुगडुगणारं नको.

२. एकही यंत्र न घेता चाकू होतो का?

होतो. हॅक्सॉने आकार कापायचा, कानशीने उतार (पात्याची धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू) काढायचा, हाताने फिरवायच्या ड्रिलने भोकं पाडायची. पोलाद नरम अवस्थेतलं घ्या, नाहीतर कानस घसरत राहील. कानस ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा साधा जिग लाकडाच्या फळीवर घरीच करता येतो. वेळ पुष्कळ लागतो, पण उताराची दोन्ही बाजूंची रेघ सारखी कशी आणायची ते कानशीवर फार चांगलं कळतं. कानस एका फटक्यात फारसं धातू काढत नाही, त्यामुळे चूक दिसते तेव्हाही ती दुरुस्त करण्याजोगी असते.

३. पैसे मोजके आहेत. खरेदी कोणत्या क्रमाने करू?

ज्या टप्प्यावर तुमचं काम खरोखर अडतं, त्या टप्प्याचं यंत्र आधी. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक जण उलट करतात. सगळे पैसे मोठ्या बेल्ट ग्राइंडरवर खर्च होतात आणि मग बेल्टला, मास्कला, ड्रिलला काही उरत नाही.

साधारणपणे आधी चष्मा, मास्क, कानाचं संरक्षण आणि व्हाइस. मग अँगल ग्राइंडर. मग ड्रिल, शक्यतो स्टँडची (प्रश्न १२). चार-सहा चाकू पूर्ण झाल्यावर बेल्ट ग्राइंडर. पाणी देण्याची, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्याची, विजेची भट्टी सगळ्यात शेवटी (प्रश्न १४). रोटरी टूल, ऑर्बिटल सँडर, जिगसॉ हे घरात आधीच पडून असेल तर वापरा, चाकूसाठी म्हणून मुद्दाम विकत घेऊ नका.

बेल्ट ग्राइंडरचा हिशोब करताना बेल्ट त्यातच धरा. बेल्ट संपतात, आणि संपलेल्या बेल्टवर उरकलेलं काम पात्यावर दिसतं.

४. अँगल ग्राइंडर कोणत्या मापाचा घ्यावा?

१०० ते १२५ मिमी डिस्कचा. १८० मिमीचा ग्राइंडर बांधकामावर ठीक, चाकूच्या पट्टीवर तो हाताला आवरत नाही. ताकद ७०० वॅटच्या पुढे असली की पुरे. वेग कमी-जास्त करता येत असेल तर उत्तम, कारण पूर्ण वेगात फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची डिस्क) पातळ पातं फार लवकर तापवते. बोट काढताच बंद होणारा दाबून धरायचा स्विच, सरकवून अडकवायच्या स्विचपेक्षा सुरक्षित.

डिस्कवर कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलेला असतो. १२५ मिमीच्या डिस्कवर तो सहसा १२,२०० असतो, १८० मिमीच्या डिस्कवर साधारण ८,५००. लहान ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतात. म्हणजे गार्ड काढून लहान ग्राइंडरला मोठी डिस्क लावली की ती मर्यादेबाहेर फिरते आणि फुटू शकते. हे करणारे लोक आहेत म्हणूनच लिहावं लागतं. गार्ड काढायचा नाही. पातळ कटिंग डिस्क कापण्यासाठीच असते, तिच्या बाजूने घासायचं नाही.

५. धारेचा उतार अँगल ग्राइंडरनेच काढता येईल का?

ढोबळ उतार, हो. पातं फळीवर क्लॅम्प करा, ६० नंबरची (नंबर जितका लहान तितके कण जाड) फ्लॅप डिस्क लावा, आणि मूठ ते टोक असा एकाच दिशेने हलका हात फिरवत राहा. एका जागी थांबलात की तिथे खड्डा पडतो, आणि तो घालवायला पूर्ण उतार तेवढा खोल न्यावा लागतो. म्हणून आखलेल्या रेघेच्या मिलिमीटरभर अलीकडेच थांबा आणि उरलेलं कानशीने करा. घासायच्या आधी पट्टीच्या काठावर मार्कर फासून त्यावर मधोमध दोन समांतर रेघा कोरून घ्या. त्या रेघा दिसताहेत तोवर धार कुठे येणार हे कळत राहतं.

६. घरात दोन दगडांचा बेंच ग्राइंडर आहे. त्यावरच पातं घासलं तर?

उतारासाठी तो कामाचा नाही. दगड गोल, त्यामुळे उतार आतून खोलगट होतो. १५० मिमीच्या दगडावर २० मिमी रुंद उतार घासला, तर मध्यावर सपाट उतारापेक्षा सुमारे ०.६७ मिमी जास्त धातू निघतो. दोन्ही बाजूंचं मिळून १.३ मिमीच्या वर झालं. पट्टी ३ मिमीची असेल तर पात्यात जीव उरत नाही. शिवाय दगड अरुंद आणि त्यावर पातं फार तापतं.

तोच ग्राइंडर ड्रिलचे बिट पाजवायला मात्र झकास आहे, मोडीत काढू नका. टेकण आणि दगड यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. त्या दगडावर पितळ, ॲल्युमिनियम किंवा लाकूड घासू नका, दगड चोंदतो आणि तापून फुटण्याचा धोका असतो.

७. बेल्ट ग्राइंडर लहान घेऊ की मोठा? १×३० की २×७२?

आकडे बेल्टच्या मापाचे आहेत, इंचांत: १ रुंद, ३० लांब, २ रुंद, ७२ लांब. मिलिमीटरमध्ये २५×७६२ आणि ५०×१८२९.

लहान यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात मावतं, साध्या प्लगवर चालतं. मुठी घासायला आणि धार लावायला ते छान आहे, लहान पातीही होतात. अडचण अशी की मोटर अशक्त, जरा दाबलं की बेल्ट मंदावतो. बेल्टामागची पाटी बहुधा पातळ पत्र्याची असते, ती दाबाखाली वाकते आणि उतार फुगीर येतो. पाटी काढून तिथे जाड, सपाट पोलादी पट्टी बसवली तर हेच यंत्र निम्मं सुधारतं. बेल्ट अरुंद आणि आखूड असल्यामुळे तो लवकर तापतो, लवकर झिजतो.

मोठं यंत्र ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. दीड-दोन एचपीची मोटर, रुंद बेल्ट, वेगवेगळी चाकं बसवायची सोय. आणि ज्याकडे नवशिक्यांचं लक्ष जात नाही अशी एक बाब: २×७२ या मापात बेल्टची निवड सगळ्यात मोठी आहे. अडनिड मापाचं यंत्र स्वस्तात मिळालं आणि त्याचे चांगले बेल्टच मिळेनात, अशी तक्रार आम्हाला सतत येते. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी त्या मापाचे ६०, १२० आणि ४०० नंबरचे बेल्ट सहज मिळतात का ते बघा, मग यंत्राकडे वळा.

आमचा सल्ला: हौस टिकेल की नाही याची खात्री नसेल तर लहान घ्या आणि ते मुठींसाठी कायमचं ठेवा. खात्री असेल तर मधलं काहीतरी न घेता थांबा, पैसे साठवा आणि मोठं घ्या. तोवर कानस आहेच.

८. जाहिरातीत नुसता आरपीएम देतात. त्यावरून काय समजायचं?

नुसत्या आरपीएमवरून काहीच नाही. कामाचा असतो तो बेल्टचा वेग, आणि तो बेल्ट ओढणाऱ्या चाकाच्या मापावर ठरतो: चाकाचा व्यास मीटरमध्ये × ३.१४ × आरपीएम. १०० मिमीचं चाक २,८५० आरपीएमने फिरलं तर बेल्ट मिनिटाला सुमारे ८९५ मीटर धावतो, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. चाक १५० मिमीचं केलं की तोच वेग सेकंदाला साधारण २२ मीटर होतो. पहिल्या यंत्राला १५ च्या आसपासचा वेग पुष्कळ झाला. मुठीच्या लाकडाला आणि पाणी दिलेल्या पात्याला त्याहूनही कमी हवा.

ताकदीचं म्हणाल तर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. जाहिरातीतला ‘कमाल’ किंवा ‘पीक’ एचपी सोडून द्या, मोटरच्या पाटीवरचा सततच्या चालीचा आकडा वाचा.

९. वेग बदलण्यासाठी व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) घ्यावाच लागतो का? पंख्याचा रेग्युलेटर चालणार नाही का?

रेग्युलेटर नाही चालणार. कपॅसिटरवाल्या सिंगल फेज इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो. व्होल्टेज कमी केलं की ती फक्त अशक्त होते आणि तापते. व्हीएफडी फ्रिक्वेन्सीच बदलतो, म्हणून तो उपयोगी. पण त्याला थ्री फेज मोटर लागते, सिंगल फेजची नाही. घरच्या सिंगल फेज जोडणीवर चालणारा व्हीएफडी स्वतःच थ्री फेज तयार करून देतो.

एक मेख इथे आहे. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारा सर्वसाधारण व्हीएफडी बाहेरही २३० व्होल्टच देतो. तेव्हा मोटरच्या पाटीवर २३० व्होल्टची जोडणी, बहुधा डेल्टा, दिलेली आहे का ते बघूनच मोटर घ्या. दुसरं म्हणजे पोलादाची धूळ. उघडा व्हीएफडी ग्राइंडरशेजारी ठेवला तर आत बारीक कीस जाऊन तो उडतो. बंद पेटीत किंवा दूर भिंतीवर लावा.

व्हीएफडी परवडत नसेल तर पायऱ्यांची पुली लावून दोन-तीन वेग मिळतात, आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं काम करणारे आहेत. कार्बन ब्रश असलेल्या मोटरची गोष्ट निराळी. अँगल ग्राइंडर आणि हातातली ड्रिल या जातीची असतात, त्यांचा वेग त्यांच्यासाठी बनवलेल्या रेग्युलेटरने कमी होतो.

१०. बेल्ट ग्राइंडर स्वतः बनवला तर स्वस्त पडेल का?

वेल्डिंग येत असेल, लेथवर चाकं कातून घेता येत असतील आणि मोटर हाताशी असेल तर पडतो. यातलं सगळंच बाहेरून करून घ्यायचं तर बचत फारशी उरत नाही. चाकांवर कंजूषी नको. चाक किंचित जरी लंगडं फिरलं तरी बेल्ट थडथडतो आणि पात्यावर लाटा उमटतात.

ट्रेडमिलची मोटर वापरू का, असं फार जण विचारतात. चालते, पण तिच्यावर लिहिलेला एचपी सततच्या कामाचा असेलच असं नाही, आणि ती बहुधा उघडी असते, तिचा पंखा पोलादाचा कीस आत ओढतो. शक्यतो चारी बाजूंनी बंद, बाहेरून पंखा असलेली मोटर घ्या.

११. बेल्ट कोणते आणि किती घ्यावेत?

सुरुवातीला ६०, १२०, २२० आणि ४०० नंबर. ६० चे सगळ्यात जास्त, कारण खरं धातू काढण्याचं काम तेच करतात. जाड नंबरात सिरॅमिक बेल्ट महाग असूनही शेवटी स्वस्त पडतात. मात्र ते नीट कापण्यासाठी दाब लागतो. दाबाखाली त्यांचे कण तुटून नवी टोकं उघडी पडतात. अशक्त यंत्रावर तेवढा दाब देता येत नाही, मग सिरॅमिकचा पैसा वाया जातो. तिथे साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा झिर्कोनिया बरा. बारीक नंबरांत तर साधेच घ्या.

बेल्ट संपला हे कसं ओळखायचं? ठिणग्या कमी होतात, उष्णता वाढते आणि आपण नकळत जास्त दाबायला लागतो. तिथेच बदला. उतरवलेले बेल्ट मुठीच्या लाकडाला वापरू नका, लाकूड करपतं.

१२. हातातली ड्रिल पुरेल की स्टँडची घ्यावी?

मुठीच्या दोन्ही फळ्या आणि पातं यांतून पिन सरळ जायला हवी. हाताच्या ड्रिलने भोक जरासं तिरकं गेलं तरी फळ्या बसवताना पिन अडते. म्हणून स्टँडची बेंच ड्रिल, अगदी लहानही, फार फरक पाडते. हाताच्या ड्रिलला लावायचा सुटा स्टँड खेळ करत नसेल तर तोही चालेल. दांडा धरून हलवून बघा, खेळ लगेच जाणवतो.

६ मिमीचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट नरम कार्बन पोलादात साधारण १,२००–१,३०० आरपीएमने चालवा. स्टेनलेसमध्ये त्याच्या निम्म्याने, सतत दाब ठेवून, कारण बिट नुसता घासत राहिला तर ती जागा कडक होते. दोन थेंब तेल टाका. पट्टी कायम क्लॅम्प केलेली हवी: बिट पलीकडे निघायच्या क्षणी भोकाच्या कडेला अडकतो आणि मोकळी पट्टी पंख्यासारखी फिरवतो. ड्रिलवर हातमोजे कधीच नकोत.

१३. पाणी दिल्यावर लक्षात आलं की एक भोक राहिलंय. आता?

एचएसएस बिट विसरा, टोक जाईल. दोन वाटा आहेत. घट्ट स्टँडवर कार्बाइडचा बिट हलक्या दाबाने चालवा. हाताच्या ड्रिलमध्ये तो ठिसूळपणाने मोडतो. किंवा पातं ओल्या फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि फक्त मुठीकडचा भाग टॉर्चने तापवून नरम करा, उष्णता धारेकडे जाऊ न देता. तिसरी वाट म्हणजे त्या भोकाशिवाय भागवणं. चांगला इपॉक्सी आणि बाकीच्या पिना असतील तर पुष्कळदा भागतं.

१४. पाणी देण्यासाठी विजेची भट्टी घ्यावी का?

सुरुवातीला नको. १०७५ किंवा १०८४ सारखं साधं कार्बन पोलाद घेतलं तर लहान गॅस फोर्ज किंवा भात्यावरचा कोळसा पुरतो. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटणं सोडतं. त्यानंतर थोडं आणखी, १०८४ साठी ८१५ च्या आसपास, तापवून ५० अंशांपर्यंत कोमट केलेल्या वनस्पती तेलात बुडवायचं. त्यानंतर पात्यावरून कानस ओढा. काचेवर ओढल्यासारखी ती चावा न घेता सरकली तर पाणी नीट चढलंय. लगेच साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास असं दोनदा ओव्हनमध्ये ठेवून ठिसूळपणा घालवायचा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत सुटा थर्मामीटर ठेवा.

तेलाचं भांडं धातूचं, झाकणासह, आणि हे सगळं उघड्यावर. तेल पेट घेतं, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. पाण्यात बुडवायचा मोह टाळा, असली पाती त्यात सहज तडकतात.

डी२ हे टूल स्टील आणि स्टेनलेस जातींना १,००० अंशांच्या वर नेमकं तापमान ठरावीक वेळ धरावं लागतं. ते चुंबकाच्या अंदाजाने होत नाही. अशी पाती हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे पाठवा. वर्षाकाठी मोजकी पाती करत असाल तर भट्टी घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

१५. पाणी दिलेलं पातं बेल्टवर घासताना टोक निळं पडलं. पुसून टाकलं तर चालेल का?

रंग पुसला जाईल, गेलेली कडकी परत येणार नाही. फिकट पिवळा रंग २००–२३० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. धारेवर निळं आलं की तेवढा भाग नरम झाला. निळा भाग अगदी थोडा असेल तर तो घासून काढा, नाहीतर पुन्हा पाणी द्यावं लागेल.

टाळायचं कसं: नवा बेल्ट, कमी वेग, उघडे हात. दर एक-दोन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवा आणि न पुसताच पुन्हा घासा. धारेजवळचे पाण्याचे थेंब थरथरत आटायला लागले की परत बुडवा. बोटाला चटका बसेपर्यंत थांबलात तर पातळ टोक कधीच गेलेलं असतं. म्हणूनच धार पाणी देण्याआधी अर्धा ते एक मिमी जाड ठेवतात.

१६. चकचकीत करायला बफिंग मशीन घेऊ का?

नको. वर्कशॉपमधलं सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं हे यंत्र पातं धारेकडून पकडतं आणि फेकतं, कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. ४००, ६००, ८०० नंबरचा पॉलिश पेपर कठीण ठोकळ्याला गुंडाळून हाताने घासा, चाकूला तेच जास्त शोभतं. घरात बफर आहेच तर चाकाच्या खालच्या भागावरच आणि धार फिरण्याच्या दिशेला ठेवून काम करा.

१७. धूळ आणि ठिणग्यांसाठी व्हॅक्यूम क्लीनर लावला तर?

पोलाद घासताना तर मुळीच लावू नका. आत लाकडाचा भुसा असेल आणि त्यात ठिणग्या गेल्या तर आग लागते, तीही आतल्या आत धुमसून, तुम्ही दिवे घालवून गेल्यानंतर. बेल्टखाली पाण्याची बादली ठेवा, ठिणग्या तिच्यात पडू द्या. लाकूड घासण्याआधी यंत्राखालचा कीस साफ करा. मुठीला जवसाचं तेल लावत असाल तर तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

नाकाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. फिल्टर बदलता येणारा अर्धा मास्क घ्या, विशेषतः जी१०, मिकार्टा (दोन्ही रेझिनमध्ये दाबलेल्या थरांचे मुठीचे पदार्थ), हाड, शिंग किंवा शिसमच्या जातीचं लाकूड घासत असाल तर. दाढी असेल तर मास्क कडेने गळतो. लोंबते कपडे, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस यंत्राजवळ नकोत.

१८. जुनं यंत्र घ्यावं का? काय तपासू?

बेंच ड्रिल आणि व्हाइस जुनेच बघा. जुन्यांत ओतीव लोखंड जास्त असतं आणि ते जड, स्थिर राहतात. प्लग काढून शाफ्ट हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलेलं. ते बदलणं सोपं आहे, त्यावरून भाव पाडा. शाफ्ट आडवा हलवून खेळ बघा. मग दहा मिनिटं चालवून मोटरला हात लावा, वास घ्या. वाइंडिंगचा करपट वास आला तर परत फिरा. अँगल ग्राइंडर मात्र नवाच बरा. स्वस्त असतो आणि जुन्याचा गार्ड बहुधा हरवलेलाच असतो.

१९. आधीच बॅटरीची हत्यारं आहेत. त्यांवर भागेल का?

ड्रिलचं भागेल. अँगल ग्राइंडर मात्र उतार काढताना बॅटरी भराभर संपवतो. नव्याने घेत असाल तर वायरचा घ्या, तेवढ्याच पैशात जास्त ताकद मिळते.

२०. घरच्या वायरिंगवर हे सगळं चालेल का? ग्राइंडर सुरू केला की एमसीबी पडतो.

दीड एचपीची मोटर चालताना २३० व्होल्टवर साधारण ७–८ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. एमसीबी तेवढ्यावर पडू शकतो. व्हीएफडी असेल तर तो मोटर हळूहळू उचलतो आणि हा त्रास जातो. त्याबदल्यात व्हीएफडीमुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) कधीकधी विनाकारण पडतो. तेव्हा आरसीसीबी काढून टाकू नका, वायरमनकडून त्या यंत्रासाठी योग्य प्रकारचा बसवून घ्या. ३ किलोवॅटची भट्टी एकटीच १३ अँपिअर ओढते, तिला स्वतंत्र लाइन हवी.

एक्स्टेंशन लागलीच तर २.५ चौरस मिमी तारेची, शक्य तितकी आखूड, आणि रिळावरून पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापते.